लिंबाचं पान पिवळं पडलं म्हणजे नक्की काय झालं?

नाशिकजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घर बांधून सहा वर्षं झाली. मागच्या अंगणात कागदी लिंबू, केशर आंबा, पेरू, पपई आणि कुंपणाला लागून एक नारळ. लिंबाची पानं पिवळी पडताहेत, आंब्याच्या पानांवर काजळी धरली आहे, पेरूच्या पानांखाली पांढरा कापूस दिसतो, नारळाच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या झाल्यात आणि पपईचा शेंडा आकसलाय. दुकानात मोबाइलवरचे फोटो दाखवले तर तीन बाटल्या मिळाल्या: एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि एक ‘टॉनिक’. तिन्ही एकत्र करून मारू का, असं त्या विचारतात.

ताई, नका मारू. बाटल्या तशाच कपाटात राहू द्या. तुमच्या अंगणात पाच झाडांना पाच वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यातल्या निदान दोघांना फवारणीची गरजच नाही. मी अठ्ठावीस वर्षं रोपवाटिका चालवतो. लोकांच्या परसातली झाडं बघायला जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच दिसतं, की औषध आधी आलेलं असतं आणि दुखणं ओळखायचं राहून गेलेलं असतं.

झाडाजवळ जाताना चार गोष्टी बरोबर घ्या: दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक पांढरा कागद, ओलं फडकं आणि खुरपं. आधी दहा पावलं लांब उभं राहून पूर्ण झाड बघा. सगळं झाड मलूल आहे, की एकच फांदी? एकच फांदी वाळत असेल तर ती जिथून फुटली तिथपर्यंत बोट फिरवत या, बहुधा वाटेत भोक, चीर किंवा डिंक सापडतो. सगळंच झाड उदास असेल तर नजर खाली मुळांकडे न्या.

मग पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की कोवळ्या, ते बघा. लिंबाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात हलतात. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं, म्हणून खालची, आतली पानं आधी पिवळी होतात. लोह, जस्त, मँगनीज, कॅल्शियम आणि बोरॉन एकदा पानात बसले की सहसा तिथून हलत नाहीत. त्यांची कमतरता त्यामुळे नव्या पालवीवर दिसते.

आता लिंबाचं एक पान तोडून उजेडात धरा. जुनं पान सगळंच फिकट, शिरांसकट पिवळं असेल तर नत्र कमी आहे. जुन्याच पानाच्या कडा पिवळ्या आणि देठाकडे हिरवा त्रिकोण उरलेला असेल तर मॅग्नेशियम. नवं पान पिवळं, अगदी पांढरट, पण त्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी रेखाटल्यासारखी दिसत असेल तर लोह. नवी पानं लहान, अरुंद, टोकदार, शिरांच्या मध्ये पिवळे पट्टे आणि शेंड्याला पानांचा झुपका झालेला असेल तर जस्त. पान पूर्ण आकाराचं असून शिरांमधे फिकट पट्टे असतील तर बहुधा मँगनीज. लोह आणि जस्त दोन्ही एकदम कमी असणं आपल्या काळ्या जमिनीत नेहमीचं आहे, तेव्हा दोन्ही चित्रं एकाच झाडावर दिसली तर गोंधळू नका.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. अन्नद्रव्याच्या कमतरतेचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. पान उभं दुमडलं तर एका बाजूची नक्षी दुसरीवर बसते. एका बाजूला मोठा पिवळा डाग, दुसरीकडे वेगळ्याच जागी हिरवा, असं कसंही ठिगळ लावल्यासारखं दिसलं, फळं लहान, वाकडी आणि खालच्या टोकाला हिरवीच राहिली, तर ते ग्रीनिंग असू शकतं. हा जिवाणूचा रोग आहे, सिट्रस सायला नावाची बारीक कीड तो पसरवते आणि एकदा झाडात शिरला की बरा होत नाही. सायला ओळखायला सोपी. कोवळ्या फुटीवर डोकं खाली, शेपूट वर अशी तिरकी बसते, आणि तिची पिल्लं पांढरे मेणाचे धागे सोडतात. शेजारी कढीपत्ता असेल तर त्याचेही शेंडे बघा, तिथेही ती राहते. पण डोळ्यांनी बघून ‘ग्रीनिंगच आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर झाड तोडू नका. त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था याच पिकांवर काम करते. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नमुना कुठे द्यायचा ते सांगतील.

तुमचा फोटो मी मोठा करून बघितला. नवी पानं, हिरवी जाळी, दोन्ही बाजू सारख्या. लोहाचीच कमतरता वाटते. म्हणजे लोह टाकलं की झालं, असं मात्र नाही.

काही वर्षांपूर्वी पुण्यात कोथरूडला एका बंगल्यात असंच लिंबू बघितलं होतं. पाच वर्षांचं झाड, पानं अक्षरशः लोण्याच्या रंगाची. घरच्यांनी वर्षभर लोहाची फवारणी केली होती. दर वेळी पंधरा दिवस पानं हिरवी दिसायची, पुढची पालवी पुन्हा पिवळी यायची. मी खोडापासून दोन हातांवर खुरपं घातलं. वीतभर खाली गेलं आणि खट्ट वाजलं. प्लास्टरचा तुकडा. आणखी उकरलं तर विटांचा चुरा, सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे. घर बांधताना उरलेला राडारोडा सपाट करून त्यावर फूटभर लाल माती पसरली होती. त्या मातीची चिमूट बशीत घेऊन स्वयंपाकघरातलं विनेगर ओतलं, तशी ती सोडा टाकल्यासारखी फसफसली. चुना होता भरपूर. असल्या मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही.

तुमचं घर सहा वर्षांचं आहे, म्हणून हे सांगतोय. फवारणीआधी खुरपं घालून बघा आणि विनेगरचा प्रयोग करा. राडारोडा निघाला तर मुळं न तोडता, झाडाच्या एका बाजूने, टप्प्याटप्प्याने जमेल तेवढा काढा आणि त्या जागी कुजलेलं शेणखत व चांगली माती भरा. जमीन मुळातलीच चुनखडीची असेल तर ती बदलता येत नाही. तिथे दरवर्षी भरपूर सेंद्रिय खत आणि आळ्यात थोडं गंधक घाला, हळूहळू फरक पडतो. तोवर पानांवर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, त्यात १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड, संध्याकाळच्या वेळी, पालवी कोवळी असताना. जस्तासाठी झिंक सल्फेट लिटरला ५ ग्रॅम आणि विरवलेला चुना अडीच ग्रॅम. हे दोन्ही वेगवेगळ्या दिवशी मारा. चिलेटेड लोह मातीत देणार असाल तर ईडीडीएचए प्रकारचं मागा. ईडीटीएवालं स्वस्त मिळतं पण चुनखडीत टिकत नाही.

आणि पाणी! हीच पिवळी जाळी जास्त पाण्यानेही येते. मुळांना हवा मिळाली नाही की ती लोह घेऊ शकत नाहीत. वीतभर खोलवरची माती मुठीत दाबा. पाणी सुटलं, किंवा आंबूस कुजका वास आला, तर खत-औषध सगळं थांबवून आधी पाणी तोडा. एक बारीक मूळ चिमटीत धरून हलकंच ओढा. निरोगी मूळ पांढरट, ताठ असतं. कुजलेल्याची साल बोटात निघून येते आणि मागे दोऱ्यासारखी नुसती शीर उरते. असं झालं की बुरशीने मूळ खाल्लंय असं समजा. बुंध्याशी जमिनीलगत डिंक ओघळत असेल तर तो डिंक्या, याच बुरशीचं काम. सालीचा कुजलेला भाग धारदार चाकूने खरवडून त्यावर बोर्डो मलम लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर, या प्रमाणात घरापुरतं थोडंसं. आणि आळं दुहेरी करा. बुंध्याभोवती मातीची भर, बाहेर पाण्याची गोल चर, म्हणजे पाणी खोडाला शिवणार नाही. लिंबाच्या खोडाशी रोज पाइप सोडून ठेवणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागात पडणारी सवय आहे.

लिंबावर इतरही काही दिसेल. कोवळ्या पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेषा असल्या तर ती नागअळी, पानाच्या पापुद्र्यात राहून खाते. मोठ्या झाडावर तिच्यासाठी काहीही मारू नका आणि ती पानं तोडूही नका, वाकडी का होईना, ती झाडाला अन्न देतात. लहान रोपावर निंबोळी अर्क पुरतो. पण अळीच्या जखमांतून खैऱ्या नावाचा रोग शिरतो, म्हणून पुढे लक्ष ठेवा. खैऱ्याचे डाग खरखरीत, बुचासारखे उंचावलेले, भोवती पिवळी कडी आणि पानाच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारे. डोळे मिटून पानावरून बोट फिरवलं तरी कळतात. कागदी लिंबाला हा रोग फार लवकर धरतो. रोगट फांद्या कोरड्या हवेत कापायच्या, पावसात कधीच नाही, कारण पावसाच्या थेंबांबरोबरच तो उडतो. कापल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम. पानं कडेने कुरतडलेली असतील तर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी शोधा. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी दुशिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. फुलपाखराची अळी आहे. हाताने वेचा, दोन-चारच असतात.

आंब्याची काजळी. ओलं फडकं घेऊन एक पान पुसा. काळं निघून खाली हिरवं पान दिसलं, तर पानाला रोग नाहीच. ती बुरशी पानावर पडलेल्या चिकट गोड द्रावावर वाढते, आणि तो द्राव वरच्या फांद्यांवर बसलेले तुडतुडे, पिठ्या ढेकूण, मावा किंवा खवले कीड सोडतात. म्हणून काळ्या पानाच्या बरोबर वरचं पान उलटून बघा, चोर तिथे बसलेला असतो. मुंग्यांची रांग वर चढत असेल तर तिच्या मागे मागे जा, ती नेमकी तिथेच पोचवते. मुंग्या त्या गोडव्यासाठी किडीची राखण करतात, तिच्या शत्रूंना हुसकावतात. खोडाला प्लॅस्टिकचा पट्टा घट्ट बांधून त्यावर ग्रीस लावा, थेट सालीवर नको. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा. मुंग्या थांबल्या की अर्धं काम होतं. काजळी काढायला मैद्याची पातळ खळ उकळून गार करून फवारा, साधारण लिटरला ५० ग्रॅम. ती वाळून पापडी सुटते तेव्हा काजळीही घेऊन पडते.

पुसून न निघणारे काळपट तपकिरी डाग, नंतर तिथे भोकं, आणि मोहोर काळा पडून गळणं, हा करपा. मोहोरावर पांढरी पावडर, ती भुरी. या दोन्हींना मोहोर फुटताना उपाय करावा लागतो, पण फुलं उमललेली असताना कीटकनाशक मारू नका. आंब्याचं परागीभवन माश्या आणि लहान कीटक करतात, त्यांनाच मारलं तर फळधारणा कुठून होणार?

आंब्याची नवी पालवी तांबूस, मऊ, लोंबती येते. तो रोग नाही. तिला ‘करपलेली’ समजून औषध मारणारे मला दरवर्षी भेटतात. पानांची टोकं आणि कडा करपत असतील तर मात्र क्षारांचा संशय घ्या. बोअरचं पाणी, आणि विशेषतः आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी. पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक ते झाडाला घालतात, हेतू चांगला असतो, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात. तुमच्याकडे तसं होत असेल तर ते फरशी धुवायला वापरा.

खोडाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर त्याच दिवशी हालचाल करा. भिरुड आहे. अळी आत लाकूड पोखरत असते आणि पानं मलूल दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. ओलसर ताज्या भुशाचं भोक शोधा, सायकलच्या स्पोकसारखी तार आत घालून अळी टोचून मारा, भोक चिखलाने बंद करा. आठवड्याने परत बघा. नवा भुसा आला तर आत अजून कुणीतरी आहे.

पेरूचा पांढरा कापूस. फांदी हलवा. पांढरे बारीक किडे भुर्रकन उडाले आणि पानाखाली मेणाची गोल गोल वळणं दिसली, तर चक्राकार पांढरी माशी. उडालं काहीच नाही, पिठात घोळलेले चपटे किडे देठाच्या बेचक्यात दाटून बसलेत, तर पिठ्या ढेकूण. दोन्हींवर पहिला उपाय एकच: पाइपला बोट लावून जोराची धार, पानाच्या खालच्या बाजूने, दर तीन-चार दिवसांनी. मग मऊ साबण लिटरला ५ ग्रॅम, किंवा पाच टक्के निंबोळी अर्क. मेणामुळे औषध आत पोचत नाही, म्हणून आधी धार आणि मागून फवारणी.

पण त्याआधी भिंग लावून दोन मिनिटं शांतपणे बघा. त्या पांढऱ्या गर्दीत एखादा जरा मोठा, अंगावर मेणाचे लांब झुबके असलेला, तुरुतुरु पळणारा किडा दिसला तर त्याला हात लावू नका. दिसतो पिठ्या ढेकणासारखा, पण ती त्याला खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंग्याची) अळी आहे. ही मूळची ऑस्ट्रेलियातली जात, १८९८ साली भारतात आणलेली. दुकानातली ती पहिली बाटली मारली असती तर सगळ्यात आधी हीच मेली असती. ढेकूण मेणाखाली वाचले असते आणि महिन्याभरात दुप्पट झाले असते.

हे मी पपईच्या पिठ्या ढेकणावर डोळ्यांनी बघितलंय. २००८ साली तो भारतात पहिल्यांदा आढळला, कोइम्बतूरला, आणि दोनेक वर्षांत महाराष्ट्रातही पोचला. पपईच काय, जास्वंद, तुती, पेरू सगळं पांढरं झालं. लोकांनी हाताला येईल ते मारलं, काही उपयोग होईना. २०१० मध्ये त्याच्यावर जगणारे चिमुकले परजीवी कीटक पोर्तो रिकोतून मागवून सोडले गेले आणि ती साथ ओसरली. फवारणी ज्यांनी थांबवली त्यांच्या बागेत ते कीटक टिकले.

पेरूची पानं थंडीत लालसर-जांभळी होतात. ऊन वाढल्यावर नवी फूट हिरवी आली तर विसरून जा. उन्हाळ्यातही लालीच राहिली, झाड खुरटलं, तर मुळं उकरा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे अगदी बारीक कृमी आहेत. त्या जागी पुन्हा पेरू लावू नका आणि तिथली माती दुसऱ्या आळ्यात नेऊ नका. फळात अळ्या निघत असतील तर फळमाशी. फळं सुपारीएवढी झाल्यावर मिथाइल युजेनॉलचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा सापळा टांगा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच कामाचा आहे. त्यात फक्त नर सापडतात, म्हणून गळलेली फळं रोज उचलून दोन फूट खोल पुरणं चुकवायचं नाही. अळी त्या फळातून निघून मातीतच कोष करते.

नारळाचं थोडक्यात. झावळी उलगडल्यावर इंग्रजी व्हीसारखे त्रिकोणी काप दिसतात, तो गेंड्या भुंगा. तो कोवळ्या, मिटलेल्या सुळक्यातच भोक पाडतो, आपल्याला ते महिन्याने दिसतं. त्याची पैदास शेणखताच्या किंवा पाचोळ्याच्या ढिगात होते, तेव्हा तुमचा खतखड्डा खालीवर करून जाड, पांढऱ्या, वेटोळ्या अळ्या वेचा. चढणाऱ्या माणसाकडून वरच्या तीन-चार झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड मिसळून भरून घ्या.

राहिली पपई. शेंडा आकसण्याची कारणं तीन. अगदी बारीक पांढरट कोळी, जो भिंगाखाली कोवळ्या पानाच्या मागे दिसतो, शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला तरी हलणारे ठिपके दिसतात. त्याला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, कडक उन्हात नाही. दुसरं, शेजारी कुणी तणनाशक मारलं असेल तर त्याच्या वाऱ्याने पपई पटकन वेडीवाकडी होते, पण पुढची पानं सरळ येतात. तिसरा विषाणू. तुमच्या शेवटच्या फोटोत देठांवर तेलकट गर्द हिरव्या रेघा आहेत, पानांवर पिवळी-हिरवी चित्री आहे आणि वरच्या फळावर गोल कडी उमटली आहे. हा रिंगस्पॉट आहे. यावर औषध नाही. मावा एका झाडाचा रस चाखून दुसऱ्यावर बसला की रोग तिथे पोचतो.

फळं धरलीत म्हणून जीव तुटेल, कळतं मला. पण शेजारच्या घरांतही पपया असतील. वाढलेली फळं उतरवून घ्या, ती खायला चालतात. झाड मुळासकट काढून खड्ड्यात पुरा. नवीन रोप पलीकडच्या कोपऱ्यात लावा, आणि त्याच्या आसपास दुधी, काकडी, भोपळ्याचे वेल चढवू नका, हा विषाणू त्यांच्यावरही राहतो.